थकंटाळा

१ फेब्रुवारी
संकल्प. सत्तावीसच्या मराठी दिनापर्यंत माझा एक तरी शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेला पाहिजे. चौतीस वर्षं परतूरच्या पोरांना लोकांचेच शब्द शिकवले. आता माझे. वहीत एकशे बारा तयार. आजचा: थकंटाळा. थकवा आणि कंटाळा, दोन्ही एकदम. बायकोला, उषाला, तीनदा वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. हं म्हणाली.

५ फेब्रुवारी
किराण्याच्या यादीत लिहिलं: तिखमीठ, एक किलो. तिखट-मीठ वेगवेगळं लिहीत कोण बसणार? दुकानदार कल्याण माझाच विद्यार्थी. चाट मसाला पाठवला. किलोभर! फोन केला तर म्हणे, सर, तुम्ही लिहिलेलं न्हाई भेटलं, मंग जवळचं दिलं. वर्गातही हा अंदाजेच उत्तरं लिहायचा.
रात्री वरण अळणी.

११ फेब्रुवारी, दुपारी
शेजारच्या वसंताच्या आईचं तेरावं. शोकाचं भोजन म्हणजे शोजन. पंगतीतून उठताना वसंताला म्हणालो, शोजन उत्तम झालं. तो बघतच राहिला. भारावला असावा. उषाने बाही ओढली. परतताना माझ्या स्कूटरवर बसली नाही, रिक्षा केली. ऊन होतंच तसं.

१२ फेब्रुवारी
नवा नियम: जेवताना शब्द नाही.

१२ फेब्रुवारी, रात्री
जेवताना दोन सुचले. वाया कसे घालवायचे?

१९ फेब्रुवारी
थकलो. एकशे एकतीस शब्द, वापरणारा मी एकटा. गावाला कान नाहीत. उद्यापासून जोर वाढवतो.

२३ फेब्रुवारी
उषा आष्टीला गेली, धाकट्या बहिणीकडे. कधी येशील विचारलं. बघू म्हणाली. बॅग मोठी नेली. हवापालट हवाच अधूनमधून.

२७ फेब्रुवारी
मराठी दिन. शाळेने बोलावलं नाही. विसरले असतील.
उषाला फोन लावला. मेहुणीने, सगुणाबाईने उचलला. म्हणाली, दाजी, ताई बोलायची न्हाई म्हणती. तिला तुमचा थकंटाळा आलाय म्हणं. डॉक्टरला दाखवावं का?
मी म्हणालो, आजार नाही तो. थकवा आणि कंटाळा, दोन्ही एकदम.
हां, मंग बराबर हाय, म्हणाली. फोन ठेवला.
संकल्प पूर्ण. वापर अचूक. वहीत बरोबरची खूण केली.
घर फार शांत आहे. आवडत नाही. चहा ठेवला, तर साखरेचा डबा सापडेना. चाट मसाला सापडला.