गुडघ्याचं ऑपरेशन इतक्यात नको

गौरजा,

तुला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. पहिल्या एसटीने कसालला जातोय. डॉक्टरांना भेटून तुझ्या ऑपरेशनची तारीख रद्द करतो. आधी तीन महिने व्यायाम करून बघा, असंच ते म्हणाले होते. घाई माझी होती.

काल तू म्हणालीस, "माका इतक्यात ऑपरेशन नको," आणि मी ताटावरून उठलो. आज पहाटे आंगणेवाडीची जत्रा आठवली. लग्नानंतरची पहिली. मसुऱ्याहून चालत जाताना तू मागून म्हणालीस, "वो, वायच थांबा." नव्या चपलेने तुझा पाय सोलला होता. मित्र हसतील म्हणून मी थांबलो नाही. इतक्या वर्षांत तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस.

पेज झाकून ठेवली आहे. विहिरीवर जाऊ नको, दोन्ही कळशा भरल्या आहेत. शेकायची पिशवी खाटेवर आहे.

दुपारी आल्यावर व्यायामाला मीही बसेन. माझाही उजवा गुडघा वर्षभर दुखतोय. तुला सांगितलं नाही. तुझं ऑपरेशन कसं होतं ते बघून माझं ठरवणार होतो.

मंगेश