निखिलच्या गाडीचं तोंड

३ फेब्रुवारी, मंगळवार
निखिलचा मेसेज. ‘२२ तारखेला, रविवारी, गाडी न्यायला येतो. चालेल ना?’ वर ‘बाबा’ नाही. पूर्वी प्रत्येक मेसेज ‘बाबा, जेवलात का’ इथून सुरू व्हायचा.
उत्तर लिहीपर्यंत दुपार झाली. ‘या’ लिहिलं, खोडलं. ‘ये’ लिहिलं, खोडलं. डिसेंबरात कोर्टात त्याचं आणि आपल्या रेवतीचं संपलं, तेव्हापासून तो आपला जावई नाही. मग त्याला अरे म्हणायचं की अहो? शेवटी नुसतं ‘चालेल’ पाठवलं.
शालनला कळवलं नाही. ती दिवाळीपासून बंगळूरला, रेवतीजवळ. पोरीला सध्या आई हवी. बरोबरच आहे.

४ फेब्रु.
गाडीवरची ताडपत्री काढली. टपावर लिंबाचा पाला, एका कोपऱ्यात चिमण्यांचं काहीतरी. धुतली.
लॉकडाऊनमध्ये निखिल-रेवतीनं हौसेनं करून घेतलेली मोटरहोम. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन, आत दोन पलंग, शेगडी, बेसिन. बंगळूरला उभी करायला जागा नाही म्हणून आमच्या अंगणात. मिरजगावात सगळे तिला ‘जावयाची घरगाडी’ म्हणतात. ताडपत्री पुढे पुरायची नाही, त्यामुळे तोंड तेवढं उन्हात राहिलं. डंपरच्या चाकाखालची खडी लागून रंगाचे टवके उडू नयेत म्हणून निखिलनं बॉनेटला आणि काचेवरच्या फायबरच्या भागाला पारदर्शक फिल्म लावली होती. ती पार पिवळी पडलीय. आटलेल्या तळ्यासारख्या भेगा.
अशी कशी द्यायची.

५ फेब्रु.
शा.चा फोन. सांगितलं, निखिल येणार आहे, मी गाडीची फिल्म काढायची म्हणतोय.
“त्याची गाडी. त्याचं तो बघेल. तुम्ही कशाला?”
मी म्हटलं, वेळ जात नाही.
 त्यावर तिचं, बी.पी.ची गोळी घेतली का.

६ फेब्रु.
नखानं निघेना. उलथन्यानं प्रयत्न केला. नखाएवढे तुकडे पडतात, वाऱ्यानं अंगणभर. सकाळभर बसून ताटाएवढी जागा झाली.
स्टँडजवळ रशीदभाईंचं रेडियमचं दुकान आहे, नंबरप्लेट, स्टिकर वगैरे. गेलो. त्यांनी प्लास्टिकची खरवडणी दिली. “सकाळच्या गारठ्यात नका करू. तापली की मऊ व्हती.” मग, “जावई येनार वाटतं?”
“हो. येणारेत.”
खोटं नाही. खरंही नाही. घरी येईपर्यंत तोंड कडू.

८ फेब्रु., रविवार
रेवतीचा जुना हेअर ड्रायर माळ्यावर सापडला. अंगणात वायर ओढली. एका हातानं गरम हवा, दुसऱ्यानं कड धरून अगदी आडवी, हळू ओढायची. घाई केली की तुटते. आज एकदा हातभर पट्टी सलग निघाली. काय वाटलं म्हणून सांगू. पण सांगणार कुणाला. पट्टी उन्हात धरून फोटो काढला, निखिलचं नाव उघडलं, आणि बंद केलं.

भंडारदऱ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. शा. आणि रेवती दोघींना ताप, म्हणून आम्ही दोघंच. पाण्याच्या कडेला गाडी लावली. त्यानं पिठलं केलं, गाठीच गाठी. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले. त्यांची आठवण सांगताना मध्येच थांबला, आणि मी म्हणालो, “अरे निखिल, जेव आधी.” तोवर ‘निखिलराव’ म्हणायचो. परतल्यावर रेवती हसली होती, माझा नवरा नेलात आणि मुलगा घेऊन आलात म्हणून.

१० फेब्रु.
फिल्म निघाली. गोंद राहिला. तो जास्त वाईट. हात लावला की चिकटतो, धूळ बसते, चिलटं अडकतात. बॉनेट आधीपेक्षा घाण दिसतंय.
थिनर आणला. बॉनेटवर ठीक. वरच्या फायबरवर फडकं फिरवलं आणि तळहाताएवढा भाग पांढुरका झाला. चमक गेली ती गेलीच. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभा जन्म काढला, थिनर कशाला चालतो नि कशाला नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं का.
कामाच्या रखमाबाई भाजी-भाकरी करून गेल्या होत्या, पण संध्याकाळी जेवलो नाही. दूध घेतलं.

११ फेब्रु.
रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी डागावर बोट फिरवलं. “पालिशनं थोडं जाईल. सगळं न्हाई जानार.” उरलेल्या गोंदाला खोबरेल लावून उन्हात मुरू द्यायचं आणि मग साबणाचं कोमट पाणी. वेळ लागतो, पण रंगाला काही होत नाही.
कट्ट्यावर चहा घेताना त्यांनी विचारलं, “रेवतीताई बी येनार का संगं?”
मी म्हणालो, “ते दोघं वेगळे झालेत, रशीदभाई. डिसेंबरात.”
गावात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. आपलाच आवाज आपल्याला नवा वाटला.
ते बराच वेळ हाताचं तेल पुसत राहिले. “मग तुमी कशापायी घासताय?”
“त्याला अशी कशी देऊ?”
मान हलवली त्यांनी. मग म्हणाले, “माझ्या बहिनीचं बी असंच झालं. तिचा पहिला नवरा आजून ईदला येतो. अब्बांना भेटतो, शिरखुर्मा पितो, जातो. बहीन सासरी असती तवाच येतो.”
“अब्बा काय म्हणून हाक मारतात त्याला?”
“काय म्हननार. नावानं.”
कप विसळून ठेवला आणि गेले. बरं वाटलं. का ते माहीत नाही.

१३ फेब्रु.
खोबरेल. ऊन. कोमट पाणी. परत खोबरेल.
पलीकडच्या रानात ज्वारी काढताहेत. बायकांचं बोलणं इथवर येतं, शब्द कळत नाहीत. नुसता आवाज. तेवढाही पुरतो.

१४ फेब्रु.
रेवतीशी बोललो. ऑफिसमधून चालत घरी निघाली होती, मागे हॉर्न.
“बाबा, आई सांगत होती. तुम्ही अजून त्याच्या गाडीतच अडकलाय.”
मी विचारलं, “तो आला तर मी त्याच्याशी बोलू का?”
खूप वेळ नुसते हॉर्न. मग म्हणाली, “नको कशी म्हणू. पण काय बोललात ते मला नका सांगू.”
दोघांचं का बिनसलं, मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, नाही जमलं. तोही तेच म्हणाला. तेच दोन शब्द. निदान त्यावर तरी दोघांचं एकमत, असं वाटून गेलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

१५ फेब्रु.
महाशिवरात्र. साबुदाणा भिजवला होता, नेमका गोळा झाला. तसाच खाल्ला. आज गाडीला हात लावला नाही.

१७ फेब्रु., मंगळवार
झालं. पॉलिश केलं. फिल्मखालचा रंग दुधासारखा पांढरा निघाला, बाकी गाडी जुनेपणानं पिवळट. समोरून बघितली तर नवी, बाजूनं बघितली तर जुनी. फायबरवरचा डाग कमी झाला, पण आहे. उन्हात तिरकं बघितलं की दिसतो.
शा.ला फोटो पाठवला. लगेच फोन.
“छान दिसतेय हो.” मग, “त्याला जेवल्याशिवाय नका सोडू.”
“पुरणाचं सांगू का रखमाबाईंना?”
“पुरण नको. जावयासारखं होईल.”
 मग ती म्हणाली, “वांग्याची भाजी, भाकरी करा. कुणी आलं तरी आपण करतोच.”

१९ फेब्रु.
बॅटरी चार्ज करून आणली. पहिल्याच स्टार्टरला उठली. अंगणातच जरा पुढे-मागे केली. गाडीखाली इतक्या दिवसांत गवत पांढरं पडलंय.
रशीदभाईंचे रोजे सुरू झालेत. दुपारी दुकानात गेलो तर पाणीसुद्धा विचारता येईना. खरवडणी परत दिली. “राहू द्या की तुमच्याकडं,” म्हणाले. आता कशाला लागणार.

२१ फेब्रु.
आतलं आवरलं. शा.नं शिवलेले पडदे काढावेत का, ठरेना. तसेच ठेवले. रेवतीचं केसांचं एक क्लचर गादीच्या फटीत. खिशात टाकलं.

२२ फेब्रु., रविवार
अकराच्या एस.टी.नं आला. एकटा. दाढी वाढवलीय, बारीक झालाय. दारात वाकला, नेहमीसारखा. मी ‘असू दे’ म्हणालो, पण हात डोक्यावर गेला होताच.
मग आम्ही दोघं हाक न मारता बोलत राहिलो. ‘पाणी घेणार?’ ‘प्रवास ठीक?’ ‘तब्येत?’ मराठीत असं किती वेळ बोलता येतं, आज कळलं.
गाडीसमोर गेला आणि थांबला. बॉनेटवर तळहात फिरवला.
“हे कुणी केलं?”
“मीच. इथं वर थिनर लागला. डाग राहिलाय.”
त्यानं वर बघितलं. तिरकं होऊन, डोळ्यांवर हात धरून. दिसला असणार. म्हणाला, “मी तर अशीच नेणार होतो.” मग तोंड फिरवून टायर बघायला लागला. बराच वेळ बघितले.
जेवताना दुसरी भाकरी नको म्हणाला. मी वाढली. खाल्ली.
रेवती कशी आहे, विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हात धुताना मात्र म्हणाला, “आई बऱ्या आहेत ना? गुडघा?” त्याच्या तोंडून ‘आई’ आलं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं. मी म्हणालो, “चालते. जिना नको म्हणते.”
निघताना गाडीत बसला, इंजिन सुरू, काच खाली.
“मेपर्यंत ठेवतोय. नंतर विकीन. त्याआधी एकदा हर्णैला जायचं म्हणतोय, मार्चात. दोन दिवस.” स्टिअरिंगकडे बघत. “तुम्ही येता का, बाबा?”
मी म्हणालो, “बघतो. कळवतो.”
का म्हणालो असं. हो म्हणायचं होतं.
हायवेला लागेपर्यंत गाडी दिसली. मागूनच, अर्थात.

२३ फेब्रु.
निखिल: ‘पोचलो.’ मी: ‘बरं.’
अंगण केवढं तरी वाटतंय. रखमाबाई झाडताना विचारत होत्या, घरगाडी कुठं गेली. म्हटलं, ज्याची त्यानं नेली.
शा.ला हर्णैचं सांगितलं. ती म्हणाली, “मला का विचारताय?” रागानं नाही. खरंच विचारत होती. रेवतीला काही सांगायचं नाही, हे तर रेवतीनंच सांगून ठेवलंय. पण न सांगता जाणं म्हणजे काय, हे मला ठरवता येईना. ती कधीतरी विचारेल, कुठे होता. तेव्हा?

२६ फेब्रु., गुरुवार
अजून कळवलेलं नाही. त्यानंही परत विचारलेलं नाही. तो विचारणार नाही, तेवढा त्याला ओळखतो.
दुपारी कपाटातून प्रवासाची गोधडी काढून उन्हात टाकली. वास येत होता, म्हणून. संध्याकाळी घडी घातली. कपाटात परत ठेवली नाही. दारामागच्या खुर्चीवर आहे.