हज्जा इन्शिराह यांच्या पुढच्या दातासंबंधी

दमनहूर,
शुक्रवार, नमाजानंतर

आदरणीय लुत्फीमामा यांस,

भाचा वजदी याचा सलाम, आणि तुमच्या दोन्ही हातांना मुका. अल्लाह तुमची सावली आमच्यावर राखो. तुमचे गुडघे कसे आहेत? इस्मतमामींचं ब्लडप्रेशर? कबुतरांची सर्दी उतरली का? (मी दातांचा डॉक्टर आहे, कबुतरांना दात नसतात, हे मी मागेच लिहिलं होतं. तरी तुम्ही औषध विचारलंत, मी कळवलं, आणि त्यांनी ते घेतलं की नाही याचा पत्ता नाही.)

इकडे सगळं ठीक आहे. माझ्या साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाईंचा दात उडाला, ही बातमी तिकडे तुमच्या रशीद गावापर्यंत पोचली असेलच. आपल्या नातेवाइकांना टपालखात्याची गरज कधी पडली नाही. मात्र तो माझ्या डोळ्यात गेला, किंवा चहाच्या किटलीत पडला आणि तोच चहा पाहुणे प्यायले, यातलं काहीही खरं नाही. दात गालिच्यावर पडला. पुढचं सविस्तर लिहितो, म्हणजे कुणी तिखटमीठ लावून सांगायला आलाच तर त्याचं तोंड बंद करता येईल.

हज्जा इन्शिराह, म्हणजे नजलाच्या आई (नवरा गेल्यापासून स्वतःचं घर आणि निम्मी गल्ली त्याच चालवतात), यांचा वरचा पुढचा दात साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात तुटला. मऊ पावाने तुटला असं त्या म्हणतात. मला त्यात टरबुजाच्या बीचं साल सापडलं, पण सासूच्या तोंडात काय सापडलं ते जावयाने बोलू नये. पक्की कॅप कैरोहून यायला वेळ होता, म्हणून मी तात्पुरती केली. तुटलेला कोपरा मेणाने भरून माप घेतलं, दात घासून खुंटीएवढा केला, मापाच्या साच्यात पावडर आणि लिक्विड कालवून ओतलं आणि खुंटीवर दाबलं. ते घट्ट व्हायच्या आत नेमकं काढावं लागतं. लवकर काढलं तर वाकडं होतं, उशीर झाला तर तिथेच मुक्काम ठोकतं. (घट्ट होताना ते तापतं. तेव्हा हज्जा मला चावल्या. त्यांचा दोष नाही. काही जाणवणार नाही असं मीच म्हटलं होतं.) कडा घासल्या, पॉलिश केलं, शेजारच्या दातावर चहाची पिवळसर झाक आहे तीही आणली. मामा, कॉलेज सोडल्यापासून इतकं सुंदर काम माझ्या हातून झालं नव्हतं. कच्च्या सिमेंटने चिकटवली, कारण ती पुढे काढायची असते. पक्की चिकटवली तर काढताना खालचा दातच हातात यायचा. ताकीद दिली: बिया नाहीत, टॉफी नाही, ऊस तर नाहीच. झगरूत्याबद्दल, म्हणजे बायकांच्या त्या आनंदाच्या किलकारीबद्दल, मी काही बोललो नाही. आमच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख नाही; ती अशा देशांत लिहिली जातात जिथे लोक लग्नात नुसत्या टाळ्या वाजवतात.

मी नजलाच्या बोटात अंगठी घातली, आणि हज्जांनी ओठांवर हात आडवा धरून, जीभ हलवून, असा झगरूता घातला की झुंबर किणकिणलं. दात त्याच्याबरोबर गेला. हज्जांनी ओढणीने तोंड झाकलं. लोकांना वाटलं, आई गहिवरली. मी नव्या सुटात सोफ्याखाली शिरलो, आणि फोटोवाल्याने नेमके तेव्हाचे फोटो भरपूर काढले. दात सापडला तो नजलाच्या वहीबाआजीला. आजीला दिसतं कमी, आणि शेजारी उभी होती मिन्ना, नजलाच्या भावाची मुलगी, जिचे पुढचे दात सध्या पडताहेत. झालं! आजीने पोरीला गच्चीवर नेलं, आणि रीतीप्रमाणे तिच्याकडून म्हणवून घेतलं की सूर्या सूर्या, घे हा म्हशीचा दात, दे मला नवरीचा दात. आणि माझी कॅप सूर्याला भिरकावली. दात माझा नाही असं मिन्ना वरपर्यंत ओरडत होती म्हणे. साखरपुड्यात लहान मुलांचं ऐकतो कोण? (म्हशीचा दात! ती झाक जुळवायला माझी सबंध दुपार गेली होती.)

दुसऱ्या दिवशी हज्जांचा निरोप आला. “आज दात तात्पुरता, उद्या जावई तात्पुरता! ज्याला एक दात धड चिकटवता येत नाही, त्याच्या गळ्यात मी मुलगी बांधू? झगरूता सोसेल असा दात आधी कर, मग निकाहनामा लिहू.” नजलाने फोनवर आधी रडून घेतलं, मग हसली, मग परत रडली. मामा, मला झोप नाही. दात पुन्हा करता येतो, नजला कुठून आणू?

मी दुसरी कॅप केली. हज्जा दवाखान्यात आल्या, खुर्चीत बसल्या, बसवून घेतली, आरशात पाहिली, आणि म्हणाल्या, “बघूच आता.” मी काही म्हणायच्या आत झगरूता सुरू. कॅप टिकली. पण मामा, आमच्या इमारतीत झगरूता ऐकू आला की कारण विचारायची पद्धत नाही. आधी उत्तर द्यायचं, मग चौकशी. चारी मजल्यांवरून बायकांनी उत्तर दिलं. बाहेर दाढ काढायला बसलेला माणूस आत आला, माझे दोन्ही गाल चुंबून, दाढेसकट घरी गेला. खालच्या रसवाल्या बदावीचाचांनी लग्न ठरल्यावर वाटतात त्या लाल सरबताचा ट्रे वर पाठवला. बायका जिन्यावरून हज्जांना विचारू लागल्या, “मुबारक हो गं! ठरलं का, कधी?”

आता हज्जांनी काय सांगावं? दात तपासत होते म्हणावं, तर दात खोटा आहे हे सगळ्या गल्लीला कळणार. लग्न मोडलंय म्हणावं, तर झगरूता कशाचा? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रेच्या आड झालो. मग उभ्या राहून त्यांनी आणखी एक झगरूता घातला, आणि हा मात्र तपासणीचा नव्हता, मामा. त्यांचे डोळे भरले होते. कॅप मुठीत आली. त्यांनी मूठ झाकली, ओठ मिटले आणि मिटल्या ओठांतूनच म्हणाल्या, “गुरुवारी. उशिरा आलास तर याद राख.”

तुम्ही दोघं आलंच पाहिजे.

तुमचा आज्ञाधारक,
वजदी

ता. क. — पक्की कॅप गुरुवारपर्यंत येत नाही. म्हणून खरी विनंती ही: मामींनी हज्जांना खेटून बसावं, आणि हज्जांनी तोंड उघडलं रे उघडलं की आधी स्वतःच झगरूता घालावा, लांबलचक, म्हणजे हज्जांना पाळीच येणार नाही.

ता. क. दुसरा — वरची विनंती खोडली असं समजा. नजलाने पत्र वाचलं. ती म्हणाली, “आख्ख्या गल्लीच्या पोरींच्या लग्नात माझ्या आईने झगरूते घातले, ते माझ्या लग्नात गप्प बसायला? उडू दे दात!” तेव्हा मामींनी खेटून बसू नये. समोर बसावं, मांडीवर ओढणी पसरून.