इंजिन आत आणलं

प्रिय सुवर्णा,

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी फोन घाईघाईत ठेवला. त्यानंतरच्या तुझ्या दोन्ही मेसेजना मी नुसते अंगठे पाठवले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. बिनसलेलं नाही. पण व्हॉट्सॲपवर हे मावणार नाही म्हणून पत्र लिहायला बसले आहे. मुद्द्यावर यायला मी वेळ लावते हे तुला माहीत आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

पहिली बातमी म्हणजे आपल्या बोटीचं इंजिन आमच्या बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी उभं आहे, आणि हिवाळ्यासाठी ते मी तयार केलंय. इतकी वर्षं हे काम तू करायचीस आणि मी पान्हे नि फडकी पुरवायचे. तुझ्या लेकीच्या, रुचाच्या बाळंतपणाला देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला गेलीस तेव्हा सप्टेंबरात परत येणार होतीस. सप्टेंबर गेला, दिवाळीही गेली. बोट बांधतो त्या मरीनावाल्यांचा फोन आला की बोट पाण्याबाहेर काढतोय, इंजिनचं काय करायचं? श्रीराम म्हणाला, "दुकानात देऊन टाक." मी म्हटलं, "नको, मीच करते." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान्ह्यांची पेटी आणून दिली. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण त्याला आलंय.

त्या रविवारनंतरच्या शनिवारी ड्राइव्हवेवर कचऱ्याचा मोठा डबा पाण्याने भरला, तू बनवलेल्या लाकडी स्टँडवर इंजिन चढवलं आणि आतलं खारं पाणी धुऊन निघावं म्हणून ते डब्यातल्या गोड्या पाण्यात चालू केलं. तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर सुरू झालं. मग पेट्रोलची नळी काढली आणि ते तुझं गंज धरू न देणारं तेल चालत्या इंजिनात फवारलं. धूर येतो हे ठाऊक होतं, पण इतका येतो हे कधी कळलं नव्हतं, कारण तू नेहमी मला वाऱ्याच्या उलट बाजूला उभं करायचीस. अख्खी गल्ली पांढरी झाली. समोरची अनिका आग विझवायचा सिलिंडर घेऊन अनवाणी पळत आली. "आंटी, स्टेप बॅक!" मी खोकत तिला समजावतेय, आणि श्रीराम गॅरेजच्या दारात उभा राहून हसतोय. शेवटी ती पोरगी चकल्या खात तासभर बसली आणि इंजिनचं झाकण कसं उघडतात ते बघून गेली.

इथवर मजेत चाललं होतं. मग खालच्या गिअरचं तेल काढलं, तर ते दुधाळ, फिकट कॉफीसारखं. तूच सांगितलं होतंस की तेल असं दिसलं म्हणजे आत पाणी शिरलंय, आणि तसंच ठेवलं तर थंडीत गोठून ते लोखंड फोडतं. बेसमेंटमध्ये गोठणार नाही, पण गंज तर धरेलच. मी हात पुसले, फोन उचलला, तुझं नाव काढलं. आणि ठेवून दिला. तू लगेच "मी येते" म्हणाली असतीस, हे मला माहीत आहे. मला नेमकं तेच ऐकायचं होतं, म्हणूनच ठेवला.

बादली उलटी करून तिच्यावर बसले. आपण पहिल्यांदा खाडीच्या मधोमध बंद पडलो होतो ते आठवलं. मी रडायच्या बेतात, आणि तू शांतपणे प्लग काढून पदराला पुसावा तसा शर्टाला पुसत होतीस. "शैलू, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तीनच गोष्टी. एकेक बघायची." घटस्फोटानंतर एकटीने रुचाला वाढवलंस, लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर उभी हयात काढलीस, आणि निवृत्त झाल्याच्या महिन्यात मला न विचारता आपल्या दोघींच्या नावाने ही जुनी बोट घेऊन आलीस. त्याआधी मला पाणी म्हणजे पिण्याचं आणि अंघोळीचं, एवढंच ठाऊक होतं.

तर मीही एकेक बघत गेले. बोट ढकलणारा पंखा काढला. मागे दांड्याला मासेमारीची दोरी गुंडाळलेली, केसासारखी बारीक, आणि तिने रबराचं सील कापलेलं. नवीन सील मागवलं. ते बसवायला मला दोन दिवस आणि एक नख लागलं. नवं तेल भरलं, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा होता. श्रीरामला उठवून दाखवला. मग दोघांनी ते धूड, पेट्रोलचा थेंबही उरला नाही ना हे बघून, पायरी पायरी करत खाली नेलं.

आता मुद्दा. उन्हाळ्यापासून तुझ्या फोनवरच्या बोलण्यात प्रल्हाद हे नाव येतंय. आधी तळ्याभोवती फिरायला येणारे एक गृहस्थ, मग त्यांच्या हातची भरली वांगी, मग त्यांच्या गेलेल्या बायकोबद्दल ते किती नीट बोलतात, ते. त्या रविवारी तू म्हणालीस की त्यांनी विचारलंय, उरलेली वर्षं एकत्र काढायची का. "मी काय करू, शैलू?" मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला. दूध नव्हतं. मला फक्त बोटीतली तुझी जागा रिकामी दिसत होती. तुझा आवाज इतका हलका झालेला मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी एकटी पडेन म्हणून तू अडली असशील, तर त्या कारणात आता दम उरलेला नाही. मे महिन्यात बोट पाण्यात मी उतरवीन, अनिका पुढे बसेल. तुम्ही दोघं जुलैत या. त्यांना पोहता येत नसेल तर शिकवू. हो म्हण, सुवर्णा. आधी त्यांना सांग. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

तुझीच, अजून नखांत तेल असलेली,
शैलजा