दोन वाक्यांची साक्ष

प्रिय शिवणकाकू,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. दोन गल्ल्या ओलांडल्या की तुमचे दार, आणि दर शनिवारी चार वाजता मी तुमच्याकडे येतेच. अशा माणसाने कागदाआड लपावे हे हास्यास्पद आहे. पण समोर बसले की माझ्या तोंडून 'हो' आणि 'बरं' यांपलीकडे काही निघत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आई म्हणते, हिच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली दौतीत पडली आहे. हे पत्र कालपासून चार वेळा लिहून चार वेळा फाडले. या पाचव्या खेपेला क्षमा असावी.

आपल्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणाची तरी साक्ष पत्रकात छापून उपासनेत वाचली जाते, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांची साक्ष मी लिहून देते. शाळेत पहिला नंबर सोडला नाही, त्याची ही शिक्षा, असे तुम्हीच एकदा म्हणाला होतात. तेव्हापासून तुम्ही मला 'पहिला नंबर' म्हणता. मी आजवर सोळा साक्षी लिहिल्या. आज सांगायला लाज वाटते, पण त्या सगळ्या मी एकाच मापाने बेतल्या: आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी आभार. आजारी माणूस बरा व्हायचा, बेकाराला नोकरी लागायची. ज्यांच्या गोष्टीला सुटका नव्हती, त्यांच्याकडे मी गेलेच नाही.

तुमची पाळी आली तेव्हा घोळ असा झाला की पत्रक सोमवारी छापायला जाणार होते आणि तुमच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया गुरुवारी होती. डावा तर तीन वर्षांपूर्वीच गेलेला. त्या सोमवारी सकाळी मी वही घेऊन आले, तेव्हा तुम्ही मांडीवर बटणांचा डबा घेऊन बसला होतात आणि दोऱ्याच्या प्रत्येक रिळाला एकेक बटण बांधत होतात. पांढऱ्याला चपटे, काळ्याला चौकोनी, निळ्याला खडबडीत. मला वाटले, हात रिकामे राहू नयेत म्हणून काहीतरी चाळा. तुम्ही म्हणालात, "लिही. डोळा राहील की जाईल, ठाऊक नाही. आनंद आहे." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. तुम्ही म्हणालात, "झालं की. आता चहा टाक." मी विचारले, एवढेच? "एवढंच गं. ज्याच्या हातात मी आहे, त्याचा हात काही थरथरत नाही. डोळ्याचं डॉक्टर बघतील. आणि हे बघ, पहिला नंबर, शेवट तू लिहू नकोस. तो अजून झालेला नाही."

घरी येऊन मी शेवट लिहिला. दोन वाक्यांनी पत्रकाची बाजू कशी भरणार? आणि खरे सांगू, तुमची वाक्ये मला अपुरी वाटली. व्याकरणाने शुद्ध, पण अपुरी. मी लिहिले, 'प्रभूच्या कृपेने आज मला सुईचे नेढे लख्ख दिसते.' शस्त्रक्रियेला तीन दिवस होते. मला वाटले, एवढ्या प्रार्थना झाल्या आहेत, उत्तर चुकेल कसे?

पुढचे तुम्ही ऐकलेलेच आहे. मंडळीच्या चिटणीसांनी ते वाक्य दोनदा वाचले. त्यांना चांगल्या वाक्याचा मोह आवरत नाही. तुम्ही दुसऱ्या बाकावर काळा चष्मा लावून बसलेल्या, भाचीचा हात धरून. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितले होते की डोळ्याचा पडदा पुन्हा बसला नाही, बसणार नाही. मी खांबामागे होते. जमीन दुभंगावी असे वाटत होते. आणि तुम्ही मोठ्याने म्हणालात, "नेढं नाही हो दिसत! पण टोक मात्र बरोब्बर सापडतं, बोटालाच!" लोक हसले, तुम्ही सर्वांत जास्त. चिटणीसांनी विचारले तेव्हा 'लिहिताना पोरीची घाई झाली' एवढेच सांगितलेत. मला एक शब्दही बोलला नाहीत. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा नुसता पाठीवर हात फिरवलात. तो हात अजून उतरलेला नाही.

त्या हाताने मी शांत व्हायला हवे होते. झाले उलटेच. मला तुमचा संशय येऊ लागला. डोळे गेलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला आनंद कसा असेल? तो रविवारी घालायचा कपडा असावा, घरी आल्यावर खुंटीला टांगायचा. मंगळवारी माझी स्वतःची परीक्षा झाली. शाळेतल्या जागेसाठी चाळीस मुलांसमोर पाठ घ्यायचा होता. फळ्यावर शीर्षक सुंदर आले, पण आवाज आलाच नाही. मुले आधी शांत होती, मग कुजबुजली, मग एकीने माझ्यासाठी पाणी आणले. जागा गेली. रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा लक्षात आले की मी आजवर प्रार्थनेकडे प्रश्नपत्रिकेसारखे पाहत आले आहे: उत्तर अचूक लिहिले की गुण मिळालेच पाहिजेत. गुण मिळाले नाहीत तर काय करायचे, हे मला कोणत्याच इयत्तेत शिकवलेले नव्हते.

म्हणून बुधवारी दुपारी तीन वाजता मी तुमच्याकडे आले. तुमचा आनंद तपासायला आले, काकू. दार उघडे होते. तुम्ही यंत्रावर बसून उशीच्या अभ्र्याला शिलाई घालत होतात आणि ते नेहमीचे गीत गुणगुणत होतात. मग दोरा तुटला. तुम्ही तो ओवायला गेलात. पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी तुम्ही कपाळ यंत्रावर टेकवले आणि रडलात. चांगल्या हमसून रडलात. आणि मला, देव मला क्षमा करो, सुटल्यासारखे वाटले. म्हटले, सापडले.

पण तुम्ही पदराने तोंड पुसलेत, रिळांवरून हात फिरवून चपटे बटण शोधलेत, नवा दोरा ओढलात आणि आठव्या खेपेला ओवलात. गीत जिथे तुटले होते त्याच ओळीपासून पुढे सुरू केलेत, सुरुवातीपासून नाही. तेव्हा मला ती बटणे उमगली. शेवट काय होऊ शकतो हे तुम्हाला त्या सोमवारीच ठाऊक होते. हातात ती बटणे असतानाच तुम्ही मला 'आनंद आहे' असे लिहायला सांगितले होते, आणि मी ते वाक्य अपुरे ठरवले होते.

माझी चप्पल करकरली. तुम्ही मान वळवून विचारलेत, "कोण आहे?" मी उत्तर दिले नाही. तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "कोणी का असेना, बसा. एवढी शिलाई संपवते." मी चपला हातात घेऊन, चोरासारखी, पाय न वाजवता निघून गेले. ज्याला दिसत नाही अशा माणसाने विचारले आणि मी गप्प राहिले. छापलेल्या खोट्याहून मला हे जास्त छळते. दोन दिवस मी घरात एका जागी बसलेली नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. तुमची टपालातली पत्रे दर शनिवारी मीच वाचून दाखवते. दुसऱ्या कोणाला तुम्ही हात लावू देत नाही. हेही तुमच्या दारावरच्या पेटीत पडेल. उद्या चार वाजता तुम्ही गठ्ठा माझ्यापुढे सरकवाल आणि म्हणाल, "वाच, पहिला नंबर." मला माझेच अक्षर तुमच्यासमोर मोठ्याने वाचावे लागेल, पळायला वाट राहणार नाही, तेवढ्यासाठीच लिहिले. आवाज अडकला तर थांबा, काकू, पाणी मी सोबत आणीन. तुमची परवानगी असेल तर सात डिसेंबरला, येत्या पहिल्या रविवारी, खांबामागून पुढे येऊन तुमची साक्षही मीच वाचीन: दोन वाक्ये, तुम्ही सांगितली तेवढीच. आणि परवाच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. दारात मी होते.

तुमचीच,
पहिला नंबर

(तुमच्या पायरीवर उभी राहून पेन्सिलीने लिहिते: पेटीत टाकले, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. आत यंत्र चालू आहे.)