माझ्याकडं बघून बोल

बाबा, तुम्ही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलला नाहीत, ही गोष्ट तुमच्या बहिणीनं इतक्या कौतुकानं गावभर सांगून ठेवली आहे की तिचा त्रास आता मला होतो आहे. तुम्हाला नातू झाला हे तुम्हाला ठाऊक नाही. माझं लग्नसुद्धा बघायला तुम्ही राहिला नाहीत. मुलगा अडीच वर्षांचा आहे, हसरा आहे, महाखोडकर आहे आणि बोलत नाही. सगळ्याला एकच शब्द, बा. पाणी बा, गाय बा, रस्त्यावरचा टेंपो बा आणि मीही बा. शेजारची त्याच्याच वयाची पोरगी माझ्याशी सासूसारखी भांडते, आणि माझं पोर मला अजून आई म्हणून हाक मारत नाही. कुणाकडं विषय काढला की समोरचा माणूस हात झटकतो आणि म्हणतो, आजोबांवर गेलाय. की संपलं सगळं.

आत्या तर तुमचं न बोलणं म्हणजे तुम्ही मिळवलेली पदवी असल्यासारखं सांगते. "तुझा बाप पाच वर्सं तोंडातून अक्षर काढत नवता. मंग एक दिस दावं तोडून बैल पळाला तवा वरडला, बैल गेला! काय वाईट झालं त्याचं? कंपनीत लागला, घर बांधलं. तू उगा डाक्टरांचे उंबरे झिजवू नको गं." सासूबाईंनी आपले उपाय काढले. वेखंड उगाळून जिभेला लावलं, देवळातल्या घंटेत पाणी घालून पाजलं, आणि कुंभिवलीला हायवेवर पेरू विकणाऱ्या बाईकडून पोपटासारखा बोलायला लागेल म्हणून पोपटानं टोचलेला पेरू मागून आणला. ती बाई तसले पेरू टाकून देते. सासूबाईंना मात्र तो चांगल्याच्या भावानं विकला. पोरानं मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाला, बा. मी कान तपासायचं नाव काढलं तर सासूबाईंनी माझ्यादेखत त्याच्या पाठीमागं जाऊन परातीवर उलथनं आपटलं. पोरगं दचकून वळलं. "बघ. ऐकू येतंय त्याला. कुकरची शिट्टी झाली का पयला धावतो तो. तुला घाई कसली झाली हाय गं?" नवरा साजगावच्या कंपनीतून पाळी संपवून आला, तो म्हणाला, त्याचा मोबाईल बंद कर. तो मोबाईल रोज त्यानंच लावून दिलेला असतो. ती परात कुणाच्या तरी डोक्यात घालावी असं मला वाटत होतं, पण कुणाच्या ते ठरेना. आणि मीही काही महिने गप्प बसलेच. कारण आजोबांवर गेलाय म्हटलं की मला आतून बरं वाटायचं.

शेवटी एक दिवस कुणाला न विचारता त्याला पनवेलला घेऊन गेले. ही कानाची तपासणी पोर झोपेत असताना करतात, म्हणून तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, सकाळपासून डोळा लागू देऊ नका. खोपोलीपासून एसटीत मी त्याला टाळ्या वाजवून, बिस्किटं चारून, गुदगुल्या करून जागं ठेवलं. आजूबाजूची माणसं माझ्याकडं वेड लागलेल्या बाईकडं बघावं तशी बघत होती. स्टँडवरून रिक्षात बसलो आणि पठ्ठ्या झोपला. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तसा टक्क जागा. मग दुपारभर तो तिथल्या खुर्च्या ढकलत हिंडला आणि मी त्याच्या मागून. चहाच्या वेळेला कुठं खांद्यावर मान टाकली, तेव्हा त्याला तारा लावल्या. बाईंनी नंतर शांतपणे सांगितलं की दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. परात ऐकू येते, कुकर ऐकू येतो, पण माणसाचं साधं बोलणं त्याच्यापर्यंत पुसट होऊन पोचतं. जे नीट ऐकूच येत नाही ते तो बोलणार कसं? यंत्र लावावं लागेल, बोलायला शिकवण्यासाठी दर आठवड्याला आणावं लागेल, आणि आता वेळ घालवू नका. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, वडिलांना पुढं पुढं कमी यायचं, पण ते कंपनीतल्या मशीनच्या आवाजानं. त्यांनी मान हलवली आणि मला समजावू लागल्या. याच्याशी बोलताना समोर बसा, तोंड दिसू द्या, उजेडात बोला, पाठ करून बोलू नका. हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं, आपल्याच घरात.

मी शाळेत आहे तेव्हाची गोष्ट. ओट्याशी उभी राहून चहा गाळते आहे. तुम्ही पाटावर बसून विचारता, आज शाळेत काय झालं. मी न वळता उत्तर देते. तुम्ही पुन्हा विचारता, मी पुन्हा तसंच, पाठमोरी. आणि तुम्ही असे ओरडता की गाळणी माझ्या हातातून पडते. "माझ्याकडं बघून बोल! बापाशी पाठ करून बोलतेस?" मी रडत आईकडं जाते, आई म्हणते, त्यांना मान लागतो गं. घरात तो नियमच झाला. वीज गेली की तुम्ही बोलणं बंद करायचात, आम्ही म्हणायचो, बाबांचं मौन सुरू झालं. खंडेनवमीला तुम्ही मला मशीनची पूजा बघायला खोपोलीला कंपनीत न्यायचात. शेडभर ढोलताशांचा कल्लोळ असायचा, आणि पार पलीकडच्या टोकाला कुणी नुसते ओठ हलवले की तुम्ही इकडून हसायचात. मला ती जादू वाटायची. मैत्रिणींना मी फुशारकीनं सांगायची.

जादू कसली बाबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं! मशीनवर जायच्या आधीपासून, त्या मेल्या बैलाच्याही आधीपासून. एकदा तरी सांगायचं होतं. रागावायला तेवढा आवाज होता, मग दोन शब्द सांगायला काय झालं होतं? एवढ्या माणसांच्या घरात एकालाही शंका आली नाही, उलट सगळे मिळून कौतुक करत बसले, आणि त्याच कौतुकात माझ्या पोराचेही महिने गेले. परतीच्या एसटीत मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुमच्या जिवंतपणी कधी चिडले नव्हते. मग घाटाखालचे दिवे दिसायला लागले आणि मनात आलं, तुम्हाला तरी कुठं माहीत असेल? सगळ्यांना एवढंच ऐकू येतं, असंच तुम्हाला वाटत असेल. त्यानंतर चिडताही येईना, याचाच मला राग आला.

आता यंत्र लागलं आहे. पहिले चार दिवस त्यानं ते उपटून फेकलं, एकदा म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात सापडलं. आता नळाचा नाद लागलाय. नळ सोडतो, ऐकतो, बंद करतो, पुन्हा सोडतो. टाकी रिकामी होते म्हणून सासूबाई ओरडतात, आणि तो वळून त्यांच्याकडं बघतो. आई अजून म्हणत नाही.

परवा आत्या आली. तिला काय काय सुनवायचं ते मी केव्हाचं पाठ करून ठेवलं होतं. तिनं पोराला मांडीवर घेतलं, कानामागचं यंत्र बोटानं हळूच चाचपलं. तुम्ही तिच्याच कडेवर वाढलात. मग म्हणाली, "माज्या भावाच्या वक्ताला व्हतं का गं आसं काय?" मी म्हटलं, "नव्हतं आत्या. कुठून असणार?" तिनं पदरानं डोळे पुसले, पोराला समोर बसवलं, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "बोल, आ-जी."

हा कागद त्याच्या तपासणीच्या फायलीत ठेवून देते. तुमच्या लहानपणी असलं यंत्र इकडं नसेल मिळत, बाबा. पण मी कॉलेजात होते, तुम्ही कंपनीत होतात, तेव्हा खोपोलीच्या बाजारपेठेत एका दुकानावर त्या यंत्राची पाटी होती. मी रोज तिच्याखालून यायची.