चौकातला फ्लेक्स

मंगळवार, ९ डिसेंबर, कुरुळी

सकाळी बबनचा दहावा झाला. चौकात त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. उमेदवाराचा चेहरा केवढा मोठा, आणि माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात, ओळखपत्रावरच्या फोटोएवढा. खाली 'आमचा खंदा कार्यकर्ता'. बबन एका सभेला गेला नव्हता. कंपनीने शेवटपर्यंत कंत्राटी ठेवला. यांनी मेल्यावर लगेच पर्मनंट करून घेतला.

विनापरवाना फ्लेक्स बेकायदा म्हणे. कुणासाठी असतो कायदा?

काढा म्हणालो, तर त्यांचा माणूस म्हणाला, "दादा, मतदान होईपर्यंत राहू द्या की. तुमच्याच भावाचं नाव होतंय."

आणि तो चेहरा हसतोय. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हात जोडून हसतोय.

 मागच्या गल्लीने खोलीवर आलो. आम्ही दोघंच राहायचो. एकट्यापुरता भात लावला.